नोकरी सांभाळून वकील व्हायचंय

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय 38. एका सहकारी पतसंस्थेच्या वसुली विभागात नोकरी. बारावीनंतर लग्न झालं, पुढे मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, 52 टक्के मिळाले. थकबाकीदारांना नोटिसा काढणं, सहकार कायद्याच्या कलम 101 च्या वसुली दाखल्यांची कागदपत्रं लावणं, चेक न वटल्याच्या केसेस बघणं हे माझं रोजचं काम. संस्थेतर्फे फिर्यादी म्हणून कोर्टात साक्षही दिली आहे. वकीलसाहेब 'मॅडम, इथे सही करा' यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि मला वाटतं, हे मीही करू शकेन. एका एजंटाने बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाची 'डिस्टन्स एलएलबी' सुचवली आहे. फक्त परीक्षेला जायचं, म्हणतो. त्याने आगाऊ रक्कम मागितली आहे, ती दिलेली नाही. पण दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका त्याच्याकडे आहेत. ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, त्यापेक्षा लंडनची ऑनलाइन पदवी घे. जवळच्या लॉ कॉलेजातले क्लार्क म्हणाले, 'प्रवेश घ्या, हजेरीचं बघू.' मुलगा दहावीत आहे. मिस्टर म्हणतात शिक, पण नोकरी सोडू नकोस. सासूबाई म्हणतात, या वयात कशाला? यातलं काय निवडू? की माझं वय निघून गेलं?"

नमस्कार ताई,

आधी त्या एजंटाकडून गुणपत्रिका परत आणा. फोन करत बसू नका, घरातलं कुणीतरी सोबत घेऊन समक्ष जा. प्रवेशासाठी मूळ कागद लागतात ते पडताळणीच्या वेळी, कॉलेजच्या कार्यालयात. मधल्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये त्यांचं काहीही काम नाही. परत का हव्यात हे सांगायला तुम्ही बांधील नाही. टाळाटाळ केलीच तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. बोर्डाकडून गुणपत्रिकेची दुय्यम प्रतही मिळते, तेव्हा त्या दोन कागदांपायी त्याच्या दबावाखाली येऊ नका. पैसे दिले नाहीत हे उत्तम केलंत.

आता त्याच्या ऑफरबद्दल. भारतात दूरशिक्षणाने घेतलेल्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. यात 'पण' नाही, 'ओळख असेल तर' नाही. वकिलीचा परवाना 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखाली मिळतो आणि कुठली पदवी त्यासाठी चालेल हे बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था, ठरवते. तिच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे एलएलबी हा नियमित, वर्गात बसून करायचा अभ्यासक्रम आहे: पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2020 च्या दूरशिक्षण विनियमांतही दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने जे विषय शिकवायचे नाहीत, त्यांच्या यादीत वैद्यकीय, अभियांत्रिकी यांच्याबरोबर कायदा आहे.

एजंटाचं यावरचं उत्तर ठरलेलं असतं: "मॅडम, आमची युनिव्हर्सिटी यूजीसी मान्यताप्राप्त आहे." असेलही. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता असणं आणि तिथल्या एलएलबीला बार कौन्सिलची मंजुरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याला एवढंच विचारा, "या अभ्यासक्रमाला बार कौन्सिल ऑफ इंडियाने मंजुरी दिल्याचं पत्र दाखवा, त्यात मंजुरी कुठल्या वर्षापर्यंत आहे तेही बघू." मंजूर कॉलेजांची यादी बार कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते आणि मंजुरी ठराविक मुदतीची असते. ही यादी स्वतः उघडून पाहा. एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे यादी नव्हे.

कॉलेजातल्या क्लार्कसाहेबांच्या प्रस्तावाबद्दल मी जास्त कडक बोलणार आहे, कारण तो जास्त मोहात पाडणारा आहे. कॉलेज खरं, मंजुरी खरी, पदवीही खरी. खोटी काय ती फक्त तुमची हजेरी. पुष्कळ जण असंच करतात, हे मला माहीत आहे. आपल्याकडे 'सवडीने एलएलबी' म्हणून जे काही चालतं ते बहुतेक हेच असतं. पण नियम काय म्हणतो ते बघा: आठवड्याला किमान 30 तासांचं वेळापत्रक, प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी. एखाद्या विषयात ती 65 पर्यंत घसरली तर एकूण हजेरी 70 च्या वर असल्यास सवलत मिळू शकते, बस. सप्टेंबर 2024 मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून बायोमेट्रिक हजेरी आणायला सांगितली आणि विद्यार्थ्याकडून आणखी एक गोष्ट लिहून घ्यायला सांगितली: शिकताना तुम्ही नोकरी करत होता का, करत असाल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र होतं का.

म्हणजे तीन वर्षांनी एका कागदावर तुम्ही सही करणार की मी कॉलेजात हजर होते. आणि त्याच दिवसांचा, त्याच वेळांचा पतसंस्थेचा हजेरीपट सांगणार की तुम्ही काउंटरवर होता. असे दोन कागद समोरासमोर आले की काय होतं, हे उलटतपासाला तोंड दिलेल्या बाईला मी वेगळं सांगायला नको. ज्या पेशाची सुरुवातच प्रतिज्ञापत्राने होते, तिथे पहिलंच प्रतिज्ञापत्र खोटं करू नका.

लंडनच्या पदवीचं प्रकरण निराळं आहे, कारण तिथे फसवणूक काही नाही. लंडन विद्यापीठाने 1858 पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना, म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देणाऱ्यांना पदवीची दारं उघडली. त्यांची कायद्याची पदवी जगभर घरी बसून केली जाते, तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत आपल्या सवडीने. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना याच विद्यापीठाचा कायद्याचा अभ्यास करत होते. पदवी शेवटी त्यांनी 1989 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या युनिसा या दूरशिक्षण विद्यापीठाची घेतली, तेव्हाही ते कैदेतच होते. ब्रिटनमधलं ओपन युनिव्हर्सिटीही घरबसल्या एलएलबी देतं. तेव्हा 'कायदा दुरून शिकताच येत नाही' असं कुणी ठामपणे सांगू लागलं, तर ते खरं मानू नका. येतो. फक्त प्रत्येक देशाने वकिलीचं दार कुठे ठेवायचं हे आपापलं ठरवलंय. इंग्लंडमध्ये 2021 पासून सॉलिसिटर व्हायला एक स्वतंत्र पात्रता परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो; पदवी कुठल्या पद्धतीने घेतली याला तिथे तितकं महत्त्व राहिलेलं नाही. आपल्याकडे दार वर्गातूनच जातं. परदेशी पदवी घेऊन आलेल्यालाही इथे बार कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेलाही पदवी नियमित अभ्यासक्रमाची असावी लागते. तुमच्या सहकाऱ्याने सुचवलेली पदवी तिथे राहणाऱ्याला, किंवा आंतरराष्ट्रीय कंपन्यांच्या करारांवर काम करणाऱ्याला उपयोगाची ठरू शकेल. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात तिच्या जोरावर उभं राहता येणार नाही.

इथवरची उत्तरं सोपी होती. अवघड प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही, तो मी विचारते.

तुम्ही लिहिलंय, नोकरी सांभाळून वकील व्हायचंय. तुम्ही सगळा विचार शिक्षणाच्या तीन वर्षांचा केलाय. चौथ्या वर्षाचं काय? बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. सनद घेऊन पतसंस्थेत पूर्णवेळ राहिलात तर प्रॅक्टिस थांबवावी लागते आणि तसं कौन्सिलला कळवावं लागतं. म्हणजे 'शिक, पण नोकरी सोडू नकोस' ही मिस्टरांची अट शिकताना कदाचित पाळता येईल, वकिली करताना नाही. नोकरी आणि कोट यांतलं एक कधी तरी निवडावंच लागणार आहे, मग पदवी घरी बसून घ्या नाही तर कॉलेजात बसून. ही गोष्ट एजंट सांगत नाही, क्लार्कही सांगत नाही, आणि बऱ्याच जणांना सनदेचा अर्ज भरताना कळते.

म्हणून विचारते: तुम्हाला वकील व्हायचंय, की 'इथे सही करा' याचा अर्थ कळायला हवाय?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात पक्षकार मिळवणं, युक्तिवाद करणं, स्वतःचं ऑफिस थाटणं यातलं काही नाही. आहे तो राग आहे. तुमच्याच केसमध्ये तुम्हाला कुणी काही समजावून सांगत नाही याचा. तो राग रास्त आहे. पण त्यावर एलएलबी हाच एक उपाय आहे असं गृहीत धरू नका.

तुमच्याच टेबलावरचं उदाहरण घेऊ. चेक परत आला. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणीची नोटीस पाठवायची. समोरच्याला ती मिळाल्यापासून 15 दिवस पैसे द्यायला. ते उलटले की एका महिन्याच्या आत फिर्याद. हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. पण एखाद्या दिवशी नोटिशीचा लिफाफा तसाच परत येतो, त्यावर पोस्टमनचा शेरा: 'घर बंद'. आता 15 दिवस कधीपासून मोजायचे? नोटीस मिळालीच नाही म्हणून केस पडणार का? तुमचे वकीलसाहेब म्हणतात, "काही होत नाही, फाइल करू." आणि खरंच काही होत नाही. का होत नाही?

कारण शोधायला धनादेशाच्या कायद्यात कलम 138 वाचून भागत नाही, तिथे 'मिळाल्यापासून' एवढंच लिहिलंय. मग 1897 च्या सामान्य खंड अधिनियमाकडे जावं लागतं. त्याचं कलम 27 सांगतं की योग्य पत्ता लिहून, टपाल खर्च भरून, नोंदणीकृत डाकेने पाठवलेलं पत्र नेहमीच्या टपालाने पोचायला लागेल तेवढ्या वेळात पोचलं असं धरायचं, उलट सिद्ध होत नाही तोवर. तरी शंका उरतेच: माणूस खरोखर परगावी असेल तर? तिथे सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा सी. सी. अलवी हाजी प्रकरणातला निकाल येतो. नोटीस मिळाली नाही म्हणणाऱ्याने कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरावेत आणि फिर्याद फेटाळावी असं सांगावं. तेही न करणाऱ्याला 'नोटीस मिळाली नाही' ही सबब उरत नाही. म्हणजे त्या परत आलेल्या लिफाफ्यावरचा पत्ता बरोबर आहे ना, पिन कोड चुकला नाही ना, हे तपासणं तुमच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम झालं. लिफाफा फाडून आतली नोटीस फाइलला लावणाऱ्या कारकुनाला थांबवणंही. तो बंद लिफाफा हाच पुरावा आहे.

कायदा शिकणं म्हणजे हे. एका शब्दापासून दुसऱ्या कायद्यात, तिथून निकालात, आणि परत आपल्या टेबलावर. हे तुम्हाला घरी बसून, रात्री नऊ ते साडेदहा, येऊ शकतं. आणि यासाठी जो दूरशिक्षणाचा मार्ग आहे तो पूर्णपणे कायदेशीर आहे: पदविका आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम. इग्नू हे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ ग्राहक संरक्षण, पॅरालीगल प्रॅक्टिस (वकील नसताना करायची कायद्याची मदतकामं), सायबर कायदा, बौद्धिक संपदा असे अभ्यासक्रम चालवत आलं आहे. बंगळूरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि हैदराबादचं नालसार यांच्या दूरस्थ पदव्युत्तर पदविका आहेत, त्यांना कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. त्या-त्या सत्रात कुठला अभ्यासक्रम सुरू आहे ते माहितीपुस्तिकेत पाहून घ्या. या पदविकांवर सनद मिळत नाही, त्या तसा दावाही करत नाहीत. पण वसुली विभागातून कायदा विभागाच्या प्रमुखपदाकडे सरकताना संचालक मंडळापुढे ठेवायला तो कागद वाईट नाही.

दुसराही एक रस्ता आहे, ज्याचा विचार फारसा कुणी करत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समित्या पॅरालीगल व्हॉलंटियर नेमतात, त्यांना प्रशिक्षण देतात. त्यासाठी एलएलबी लागत नाही. लोकांचे अर्ज लिहून देणं, मोफत वकील कुणाला मिळतो ते सांगणं, लोकअदालतीत मदत करणं अशी कामं असतात. तुम्ही आजवर थकबाकीदाराला समोरच्या बाजूने पाहिलंत. इथे तो तुमच्या बाजूला बसलेला असेल. संस्थेच्या आणि या कामाच्या बाजू आमनेसामने येऊ नयेत एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल.

बरं, समजा मी तुमचं पत्र चुकीचं वाचलं. समजा तुम्हाला कोटच हवाय, उभं राहून बोलायचंच आहे. तर त्याची तयारी वेगळी, आणि तीही सांगते.

पहिली गोष्ट, तुमची मुक्त विद्यापीठाची बी.कॉम. चालते. यावरून पुष्कळ जण विनाकारण घाबरतात. दहावी, बारावी आणि मग पदवी असा क्रम असेल, तर पदवी दूरशिक्षणाची असली तरी एलएलबीच्या प्रवेशाला पात्र धरली जाते. अडचण येते ती बारावी न करता, पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवी घेतलेल्यांना. त्यांना हे नियम अपात्र ठरवतात. 52 टक्केही पुरेत. किमान अट खुल्या गटाला 45, इतर मागासवर्गीयांना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के आहे. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएलबीला सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वयाची कमाल अट सध्या नाही, त्यामुळे सासूबाईंच्या प्रश्नाला नियमांचं उत्तर तयार आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. कायद्याचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळातच घेता येतात, त्यामुळे जुन्या काळचं 'ऑफिस सुटल्यावर लॉ कॉलेज' आता धरून चालू नका. पण बरीच कॉलेजं सकाळच्या सत्रात वर्ग घेतात. तुमच्या संस्थेत संध्याकाळी उशिरापर्यंत काउंटर चालणारी शाखा असेल, तर तिथे बदली मागता येते का? दुपारनंतरची पाळी, कमी पगारात अर्धवेळ, किंवा परीक्षेच्या काळात बिनपगारी रजा, यातलं काय मिळू शकतं? हे तोंडी विचारून थांबू नका. अर्ज द्या, त्यावर व्यवस्थापनाचं लेखी उत्तर घ्या, ना हरकत प्रमाणपत्रासकट. मिळालं, तर तुमची पदवी खणखणीत. नाही मिळालं, तर निदान तीन वर्षं चोरून जगावं लागणार नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती घरात बसून आत्ताच बोला. एलएलबीनंतर राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी, मग अखिल भारतीय बार परीक्षा (2011 पासून ती आली, 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली), आणि त्यानंतर कुणा ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून उमेदवारी. त्या उमेदवारीच्या काळात हातात येणारी रक्कम तुमच्या आजच्या पगाराच्या जवळपासही नसेल, काही ठिकाणी नुसतं शिकायला मिळतं म्हणून समाधान मानावं लागतं. मुलगा तेव्हा नेमका पुढच्या शिक्षणाच्या उंबरठ्यावर असेल. मिस्टर 'शिक' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हे सगळं आहे का? मला वाटतं, नसावं. त्यांच्यावर मी दोष ठेवत नाही, तुमच्याही डोळ्यांपुढे नव्हतं.

निर्णयाआधी एक करा. रजा टाका आणि कोर्टात जाऊन बसा, पण तुमची तारीख नसलेल्या दिवशी. न्यायालय खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. संस्थेची केस सोडून दिवाणी, कौटुंबिक, फौजदारी असं सगळं बघा. ज्युनिअर वकिलांकडे लक्ष ठेवा: पुकारा व्हायची वाट पाहत उभ्या असतात, तारीख मागतात, नकलेचे अर्ज टाकतात, दुपारी सिनिअरच्या फायली उचलून दुसऱ्या कोर्टात पळतात. एखादी गाठून विचारा, पहिली दोन वर्षं कशी गेली. हे बघून घरी येताना तुम्हाला 'मलाही इथेच यायचंय' वाटलं तर प्रश्न सुटला. 'बाप रे' वाटलं तरी सुटला.

दोन्हींतलं काहीही निवडा, अभ्यास घरीच करायचा आहे. त्याबद्दल थोडं, कारण सवडीच्या शिक्षणाची खरी गंमत 'सवड' या शब्दातच फसते. वर्ग नाही, घंटा नाही, बाई रागावत नाहीत. पुस्तकं येतात, पहिला आठवडा उत्साहात जातो, मग मार्च एंड येतो. वसुली विभागात मार्च एंड म्हणजे काय ते तुम्हीच मला सांगाल. तेव्हा वर्षाचं वेळापत्रक करताना जानेवारी ते मार्च जवळजवळ रिकामे धरा आणि भार जून ते नोव्हेंबरवर टाका. दिवाळीचा आठवडा सोडून द्या, तो होत नाही.

मूळ कायदा वाचायची सवय लावा. गाइडमधला सारांश वाचून परीक्षा निघते, लिफाफ्याचं कोडं सुटत नाही. केंद्रीय कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यातल्या काहींचे मराठी अनुवादही तिथे आहेत. जुनी पुस्तकं कुणी प्रेमाने दिली तर आभार मानून घ्या, पण फौजदारी विषयांची बाजूला ठेवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम आले आहेत. कलमांचे आकडे सगळे हलले. जुन्या केसेससाठी जुने कायदे लागतात, त्यामुळे रद्दीत देऊ नका.

आणि लिहा. हाताने लिहा. कायद्याची उत्तरं डोक्यात फार छान जमतात आणि कागदावर दोन ओळींत संपतात. एखादी खरी फाइल घ्या, नावं गाळा, आणि चार गोष्टी मांडा: भांडण कशाचं आहे, कुठलं कलम लागतं, इथल्या हकिगतीला ते कसं लागतं, म्हणून काय होईल. मुलगा दहावीचा अभ्यास करत बसेल तेव्हा समोर बसून हे करा. तो इतिहास पाठ करेल, तुम्ही कलम 138 करा.

याच विषयावर आणखी काही पत्रं पडून आहेत, त्यांना इथेच उत्तर देते. एका निवृत्त गृहस्थांना फक्त आवड म्हणून, कुठलीही अपेक्षा न ठेवता कायदा वाचायचाय. त्यांना बार कौन्सिलच्या नियमांची फिकीर करायचं कारणच नाही. दूरस्थ पदविका घ्याव्यात आणि आनंदाने वाचत बसावं. स्वतःच्याच जागेच्या दाव्यासाठी एलएलबी करू पाहणाऱ्या वाचकाने थांबावं. स्वतःची बाजू स्वतः मांडायला पदवी लागत नाही, पण दावा वेळेवर हाकायला वकील परवडतो. तीन वर्षांत दावा कुठल्या कुठे गेलेला असेल. आधीच 'डिस्टन्स एलएलबी' करून बसलेल्या मुलाला मात्र वाईट बातमी द्यावी लागते. त्या पदवीवर सनद मिळणार नाही, दुसऱ्या विद्यापीठातून 'ट्रान्सफर' करून देतो म्हणणाऱ्याला आणखी पैसे देऊ नकोस, आणि वकील व्हायचंच असेल तर मंजूर कॉलेजात पहिल्या वर्षापासून सुरुवात कर. एलएलएम ही कायद्याची पदव्युत्तर पदवीही ऑनलाइन किंवा 'एक्झिक्युटिव्ह' नावाने विकली जाते. बार कौन्सिलने जून 2025 मध्ये तिच्याबद्दल जाहीर इशारा दिला आहे, तेव्हा प्राध्यापक व्हायच्या इराद्याने तिकडे वळणाऱ्यांनीही आधी मंजुरी तपासावी.

ताई, मला विचाराल तर तुम्ही या वर्षी एक पदविका घ्यावी आणि मुलाची दहावी होऊ द्यावी. एका पदविकेत कळतं की रात्रीचा दीड तास टिकतो का, आणि कलमं वाचताना झोप येते की उडते. उडाली, तर पुढच्या सीईटीला बसा. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. सीईटी वर्षातून एकदा, आणि तिची नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते, म्हणून सीईटी सेलच्या संकेतस्थळावर डिसेंबरपासूनच नजर ठेवा. पाळी बदलून मिळण्याचा अर्ज मात्र निकालाची वाट न बघता आधीच द्या, कारण संचालक मंडळाच्या सभेत तो विषय यायलाच दोन-तीन महिने जातील.